वेडेपणाचे नऊ आकडे

पंधरा-वीस हजार रुपयांचा रेझर बनवणारा माणूस वेडा असतो, हे आधीच कबूल करून टाकू. त्याच्या रेझरमध्ये जे पातं बसतं ते पाच-सात रुपयांचं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बरण्यांच्या मागे टांगलेलं. दाढी होते ती त्या पात्याने. मग बाकीचे पैसे कशाचे, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडेल आणि पडावाही. असे रेझर एका खेपेला पन्नास, शंभर, फार तर दोनशे नग करून विकणारी छोटी वर्कशॉप जगात आहेत. त्यांचे मालक हिशेबात कच्चे आहेत, त्यांना बाजार कळत नाही, त्यांच्या मालावाचून कुणाचं अडत नाही. हे सगळे आरोप मला मान्य आहेत. तरीही हा लेख त्यांच्या स्तुतीसाठी आहे आणि ती स्तुती मनापासून आहे. आपण सोलापूरकरांनी तर ती आवर्जून ऐकावी.

आधी वस्तू समजून घेऊ. साधा सेफ्टी रेझर म्हणजे वर टोपी, खाली पट्टी, मधे पातं आणि धरायला दांडा. पात्याची जाडी मिलीमीटरचा दहावा भाग. नुसतं हातात धरलं तर ते लवतं, टोपीच्या बाकाखाली दाबून वाकवलं की ताठ होतं. पात्याची धार आणि खालची पट्टी यांच्यात फट किती, यावर दाढी कशी होणार हे ठरतं. साध्या रेझरमध्ये ती फट कारखान्याने एकदाच ठरवून दिलेली असते. गाल तुमचा, निर्णय त्यांचा. ॲडजस्टेबल रेझरमध्ये दांड्याच्या गळ्याशी एक कडं असतं, त्यावर आकडे असतात, आणि कडं फिरवलं की पट्टी केसभर खाली-वर होते. एकावर ठेवलं की पातं कातडीला जेमतेम टेकतं. नवावर ठेवलं की आजारातून उठलेल्या माणसाची आठ दिवसांची दाढीही सुखाने उतरते.

सांगायला सोपं आहे. करायला बसलं की कळतं, पात्याला धारा दोन. फट दोन्ही बाजूंना सारखी हवी, आणि ती एकाच आकड्यावर सारखी असून भागत नाही, नऊच्या नऊ आकड्यांवर सारखी हवी. आटे जरा सैल पडले की कडं फिरवताना डोकं एका अंगाला कलतं. मग एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी बाजू ओरबाडणारी. वापरणाऱ्याला वाटतं पातं खराब निघालं.

मोठे कारखाने हे डोकं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूत काढतात. वितळलेला धातू साच्यात दाबायचा, काही सेकंदांत नग बाहेर, वर क्रोमचा मुलामा. साचा लाखांच्या घरात जातो, पण नगही लाखांत निघतात, म्हणून एका नगावर साच्याचा बोजा चिल्लर पडतो. पन्नास नग करणाऱ्याला साचा परवडणार कसा? तो स्टीलचा किंवा पितळेचा गज घेतो आणि त्यातून रेझर कोरून काढतो. गजाचा मोठा हिस्सा चुरा होऊन ट्रेमध्ये पडतो आणि भंगाराच्या भावाने जातो. मग प्रत्येक कडेवरची बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक खरखर, हाताने काढायची, कारण यंत्राच्या डोळ्याला न दिसणारी बर गालाला बरोबर सापडते. मग जुळवणी, मग मापं, आणि शेवटी नाकारलेल्या नगांचा वेगळा डबा. त्या डब्यातल्या नगांनीही दाढी झाली असती. गिऱ्हाइकाला फरक कळला नसता, कुणी तक्रार घेऊन आलं नसतं. तरी ते डब्यात जातात. इथे हिशेब संपतो आणि वेड सुरू होतं.

व्यापाराच्या दृष्टीने या वस्तूत आणखी एक दोष आहे, आणि तो सगळ्यांत मोठा: ती मोडत नाही. एकदा घेतलेलं गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. मुलगा वापरतो, नातू वापरतो. या धंद्याचा पाया घालणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. किंग कॅम्प जिलेट हा मूळचा बाटल्यांची बुचं विकणारा फिरता विक्रेता. लोक वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घेतील अशी वस्तू शोध, हा मालकाचा सल्ला त्याने मनावर घेतला. त्यातून फेकण्याजोगं पातं आलं. पण सोबतचा रेझर मात्र त्याने फेकण्याजोगा केला नव्हता. त्याची किंमत पाच डॉलर होती आणि त्या काळच्या कामगाराला ती जड होती. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. एक्कावन्न! आज ज्या आकड्याला आपण छंद म्हणून बाजूला सारतो, त्याच आकड्यावर जगातला सगळ्यांत मोठा दाढीचा धंदा सुरू झाला. पुढच्याच वर्षी रेझरांची विक्री नव्वद हजारांवर गेली, ती गोष्ट व्यवस्थापनाच्या पुस्तकांत सापडते. एक्कावन्न नगांच्या वर्षी त्या माणसाला शेजारीपाजारी काय म्हणत असतील, ते पुस्तकांत नाही. पोलादाची इतकी पातळ पट्टी धार धरणार नाही, असं जाणकारांनी सांगितलेलं असताना तो आणि त्याचा यंत्रतज्ज्ञ जोडीदार विल्यम निकरसन त्या पट्टीपायी वर्षानुवर्षं पैसे घालवत होते.

जिलेटच्याच कंपनीने १९५८ मध्ये नऊ आकड्यांचा ॲडजस्टेबल रेझर बाजारात आणला. किंमत १ डॉलर ९५ सेंट. दांडा आखूड आणि जाड, म्हणून लोक त्याला लाडाने ‘फॅटबॉय’ म्हणू लागले. पुढे १९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, थोड्याच वर्षांत दांड्यासकट फेकून द्यायचे प्लास्टिकचे रेझर आले, २००६ पर्यंत पात्यांची संख्या पाचावर गेली. आकड्यांचं कडं कारखान्यातून गेलं. फट किती ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार गालाच्या मालकाकडे थोडी वर्षं होता, तो पुन्हा कंपनीकडे जमा झाला.

मी स्वस्ताईच्या विरोधात नाही. २०१० मध्ये भारतात पंधरा रुपयांचा जिलेट गार्ड आला, त्याचं पातं पाच रुपयांना मिळायचं. वाटीभर पाण्यात, हातातल्या आरशात बघून, जमिनीवर बसून दाढी करणारी माणसं डोळ्यांसमोर ठेवून तो घडवला होता. ते चांगलं काम होतं. माझं म्हणणं एवढंच, की सगळी बुद्धी स्वस्ताईच्या पाठीमागे लागली की टिकाऊपणाची बाजू सांभाळायला वेडेच उरतात. आणि ती बाजू कुणीतरी सांभाळलीच पाहिजे.

माझ्याकडे एक फॅटबॉय आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने तो परदेशातून आणला आणि त्यांच्यामागे तो माझ्याकडे आला. पट्टीच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरांत ‘एफ ४’ असा ठसा आहे. एफ म्हणजे १९६०, चार म्हणजे वर्षाची शेवटची तिमाही. दांड्याच्या बुडाची कळ पिळली की डोक्यावरची दोन दारं कबुतराच्या पंखांसारखी उघडतात. गेल्या वर्षी त्याचं कडं फिरेनासं झालं. आत साबणाचा आणि सोलापूरच्या क्षारी पाण्याचा साठ-पासष्ट वर्षांचा थर. व्हिनेगरमध्ये ठेवून पाहिलं, गरम पाण्यात बुडवून पाहिलं. शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या टर्नरकडे गेलो.

हा माणूस शहराच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, लेथवर मराठी, बायकोच्या माहेरी कानडी. वडील जॅकार्डच्या मागावर चादरी विणायचे. याने मागाऐवजी लेथ धरला आणि गेली बावीस वर्षं तो मोठ्या कारखान्यांची जॉबवर्कची कामं करतो. त्याने रेझर हातात घेतला, पण कडं फिरवायला गेला नाही. आधी दारं उघडून आत पाहिलं, मग दांडा कानाशी धरून हलवला, मग खिशातून रुमाल काढून हात पुसले. हात पुसणं मला फार आवडलं. दिवसभर दुसऱ्यांचे जॉब हाताळताना त्याने हात पुसलेले मी पाहिले नव्हते.

"काका, हे कुणीतरी बसून केलंय बघा," तो म्हणाला.

कडं दोन दिवसांनी मोकळं झालं. मी न्यायला गेलो तर रेझर द्यायला तो तयार नव्हता. त्याने पातं चढवलं होतं आणि फिलर गेजची पानं मांडून बसला होता. एकावर डावी बाजू, एकावर उजवी बाजू. मग दोनावर. गेजचं पान फटीत घालायचं, अडतं की सरकतं ते बोटाला विचारायचं, कागदावर आकडा लिहायचा. नवापर्यंत अठरा मापं. शेजारी त्याच्याच मशीनवर दुसऱ्याचा जॉब लागलेला होता आणि पोऱ्या दोनदा विचारून गेला. अठरा मापांत फक्त एका ठिकाणी, आठाच्या आकड्यावर, दोन बाजूंत दोन शतांश मिलीमीटरचा फरक निघाला. त्याने त्या आकड्याखाली रेघ मारली. पासष्ट वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये कुणाच्या तरी हातून निसटलेले दोन शतांश सोलापुरात एका माणसाला खुपले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मी विचारलं, असा एक नवा करता येईल का?

"होईल की ओ. नऊ पार्ट हायती, पंधरा दिवस जातील. पण मग तेवढे दिवस मशीनवर जॉब नाही. आणि पहिला नग बरोबर येतच नसतो. तीन टाकायचे, तेव्हा एक निघतो."

"मग परवडायचं नाही."

"परवडायचं कसं?" तो म्हणाला, आणि पुन्हा आठाच्या आकड्याकडे बघू लागला.

मग बोलता बोलता त्याने एक गोष्ट सांगितली. बावीस वर्षांत त्याच्या हातून लाखो पार्ट गेले असतील: बुश, पिना, स्पेसर, फ्लँज. ड्रॉइंग येतं, त्यावर पार्टचा नंबर असतो, टॉलरन्स असतो. पार्ट कुठल्या यंत्रात बसतो हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं आणि विचारायचं कारणही नसतं. घरी दाखवावी अशी एकही पुरी वस्तू त्याच्याकडे नाही. मुलीला शाळेत वडिलांच्या कामाबद्दल लिहायचं होतं तेव्हा त्याने एक बुश नेऊन दिला. मुलीने विचारलं, हे कशाचं आहे? त्याला सांगता आलं नाही.

हे आपल्या शहराचं चित्र आहे आणि त्याला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून सोलापूर दुसऱ्यांसाठी चोख काम करत आलं आहे. १९९२ साली इथे सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट जगभरच्या मोटारींच्या इंजिनांत फिरतात. मायक्रॉनमध्ये काम करणारे हात या शहरात हजारोंनी आहेत. गाडीचं बॉनेट उघडल्यावर कुठेही सोलापूर लिहिलेलं दिसत नाही, आणि त्याने गाडी चालायची थांबत नाही. पगार वेळेवर होतो, घरं चालतात. वेड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला ही शाश्वती नसते, हेही खरं.

पण ज्या एका वस्तूवर आपण आपलं नाव घातलं तिचं काय झालं, ते बघा. सोलापुरी चादर ही भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या वस्तूंपैकी एक. जॅकार्डवर विणलेली, दोन्ही अंगांनी नक्षी असलेली, धुऊन धुऊन मऊ होत जाणारी, पंधरा वर्षं न फाटणारी. आज दुसऱ्या राज्यांतल्या मागांवर विणलेली हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून गावोगावी विकली जाते. मी स्वतः पुण्यात एका हातगाडीवर ती उचलून पाहिली आहे; वजनातच कळतं. नाव आपलं, माल त्यांचा. आपण रागावलो नाही. लग्नाच्या आहेरात द्यायला ती स्वस्त पडते, म्हणून आपल्यापैकी अनेकांनी तीच घेतली.

जर्मनीत सोलिंगेन नावाचं शहर आहे. वस्तरे, कात्र्या, सुऱ्या यांचं. आपल्याकडच्या जुन्या न्हाव्यांच्या धोपटीतही त्या शहराच्या ठशाचे वस्तरे असत. तिथे शतकानुशतकं घराघरांत सहाणेवर बसणारे कारागीर होते, एक घर नुसती घासाई करणारं, दुसरं नुसती मूठ बसवणारं. आकड्यांचं कडं असलेले रेझर तिथे आजही बनतात. १९३८ साली त्या शहराच्या नावासाठी स्वतंत्र कायदा झाला: ज्या पात्याचं मुख्य काम त्या परिसरात झालेलं आहे त्यावरच ‘सोलिंगेन’ लिहायचं, एरवी नाही. कागद आपल्याकडेही आहे. फरक असा, की तिथल्या माणसाला आपल्या गावाचं खोटं नाव बघून राग येतो. नाकारलेल्या नगाचा डबा ज्याने भरलेला असतो त्यालाच हा राग येतो. छोटी बॅच करणारा मला मोठा वाटतो तो यासाठी. शंभर नगांतला प्रत्येक नग त्याने हाताळलेला असतो, त्यामुळे जबाबदारी कुणाची हे शोधायला चौकशी समिती लागत नाही.

आपल्या मातीत हे वेड उगवतच नाही, असं कुणी म्हणू नये. वालचंद हिराचंद १८८२ साली याच सोलापुरात जन्मले. घरचा कापसाचा आणि सावकारीचा जम बसलेला व्यवहार सोडून या माणसाने ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून एक जुनी बोट घेतली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली, आणि ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिच्या धंद्याचा गळा आवळला. शहाण्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. वालचंद थांबले नाहीत. १९४० मध्ये त्यांनी विमानांचा कारखाना काढला, मग मोटारींचा. आपण त्यांचं नाव कॉलेजला दिलं. त्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांना आपण घरी काय सांगतो? पुण्याला जा, पॅकेज बघ, धंद्याच्या भानगडीत पडू नकोस. मीही माझ्या मुलाला हेच सांगितलं. तो पुण्यात सुखात आहे.

या दिवाळीनंतर टर्नरचा फोन आला. जॉब संपल्यावर रात्री तासभर मशीन रिकामं असतं, तेवढ्यात त्याने पितळेची तीन कडी काढली होती. दोन डब्यात गेली. तिसरं घेऊन आम्ही नव्या पेठेत भांड्यांच्या दुकानात गेलो, कारण आकडे मराठीत हवेत हा त्याचा हट्ट आणि तसे पंच त्याच्याकडे नाहीत. दुकानाच्या दारात भांड्यांवर नावं घालणारा बसतो. लग्नाचे डबे, तांबे, कळश्या. सुईचं ते यंत्र गुरगुरत चालतं आणि स्टीलवर अक्षर उमटतं. त्याने कडं बोटात धरून फिरवलं. एवढ्या लहान गोलाईवर त्याने कधी काम केलं नव्हतं. तरी १ पासून ९ पर्यंत आकडे त्याने एका सुरात घातले, आठाला जरा हात थांबला, मग जमला. काम झाल्यावर सवयीने त्याने सुई तशीच धरून ठेवली आणि वर बघून विचारलं,

"नाव काय घालू?"

टर्नर माझ्याकडे बघू लागला. मी काही बोललो नाही. मागे तांब्यांची रास घेऊन एक बाई उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, लवकर सांगा हो. त्याने कडं परत घेतलं, रुमालात गुंडाळलं आणि वीस रुपये दिले. दुसऱ्या दिवसापासून तो टोपीच्या कामाला लागला आहे. नावाचं अजून ठरलेलं नाही.